विहिरीतलं पेट्रोल आणि मसालेवाल्या मावशी

"तोंड बंद ठेवा. नाक उघडा."

मावशी माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या अशा. मी विहिरीच्या कठड्याला टेकून चाळीच्या सेक्रेटरींना जमिनीखालचं पाणी कसं वाहतं ते समजावत होतो. तेवढ्यात साठीच्या आसपासच्या एक ठेंगण्या बाई पदर कमरेला खोचून आल्या, आमच्या दोघांच्या मधे उभ्या राहिल्या आणि त्यांनी हातातला स्टीलचा तांब्या थेट माझ्या नाकाखाली धरला. मी माझं वाक्य पुरं करायच्या बेतात होतो. तेव्हा त्यांनी हा हुकूम सोडला.

मी तोंड बंद केलं आणि श्वास घेतला. स्कूटरच्या टाकीचं झाकण काढून आत डोकवावं, तसा वास आला.

"हां. आता बोला काय ते," मावशी म्हणाल्या.



त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं, आणि चाळीत तरी त्यांना नावाने कोण हाक मारत होतं? सगळ्यांच्या त्या मावशीच. तुम्ही लालबाग-परळच्या बाजूला वावरला असाल तर त्यांना तुम्ही पाहिलंही असेल. एप्रिल-मे महिन्यात लालबागच्या मसाल्याच्या दुकानांबाहेर मोठमोठ्या कढया चढतात, बायका पिशव्या भरभरून मिरच्या आणि धणे घेऊन रांगेत बसतात, आणि रस्त्यावरून जाणारा माणूस शिंकत शिंकत पुढे जातो. त्यातल्या एका कढईशी मावशी पस्तीस वर्षं उभ्या होत्या. मसाला भाजून देणं हे त्यांचं काम. मूळच्या त्या मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. भोईवाड्यातल्या चाळीत तळमजल्यावर एक खोली, आणि लालबागला एक कढई.

मसाला भाजणाऱ्या बाईचं सगळं कसब नाकात असतं, हे मला त्यांच्यामुळे कळलं. धणे कच्चे आहेत, भाजले आहेत की करपायला लागले आहेत, हे डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला समजतं. तो एक क्षण चुकला तर आख्ख्या वर्षाचा मसाला कडू होतो, आणि त्या घरची बाई वर्षभर तुमच्या नावाने बोटं मोडते. मावशींच्या हातचा मसाला कधी कडू झाला नाही, असं लोक म्हणत. ठाणे-डोंबिवलीला राहायला गेलेल्या बायकाही मसाला भाजायला त्यांच्याकडेच येत.

आता माझ्याविषयी थोडं. मी दादरच्या एका लहानशा कंपनीत काम करतो. जमिनीत मुरलेली घाण शोधून काढायची आणि शक्य तितकी बाहेर काढायची, हे आमचं काम. भोईवाड्यातल्या त्या चाळीच्या मागच्या अंगाला जुनी बांधीव विहीर होती आणि भिंतीपलीकडे, नाक्यावर, पेट्रोल पंप. महापालिकेचं पाणी सकाळी काही वेळच येई. ते प्यायला आणि स्वयंपाकाला. बाकी धुणंभांडी, अंघोळी, संडास, सगळं विहिरीवर. पंपाच्या फरशीखाली पेट्रोल साठवायच्या लोखंडी टाक्या पुरलेल्या असतात. त्या जुन्या झाल्या, गंजल्या, की तांदळाच्या दाण्याएवढं भोकही पुरतं. पेट्रोल थेंबथेंब गळतं, मातीतून झिरपत खाली जातं आणि खालच्या पाण्यावर तरंगत पसरतं. वरून कुणाला काही दिसत नाही. चार पावलांवर विहीर असेल तर ते विहिरीत येतं.

मावशींना हे आमच्या आधी आठ महिने कळलं होतं. पाण्याला वास येतो, असं त्यांनी सेक्रेटरींना सांगितलं. सेक्रेटरी म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक सज्जन गृहस्थ. त्यांनी विहिरीत औषधाची पूड टाकून घेतली. मावशी पुन्हा म्हणाल्या, वास येतो. त्यांनी पुन्हा पूड टाकली. तिसऱ्यांदा सेक्रेटरींनी त्यांना समजावलं, "मावशी, दिवसभर मिरच्यांच्या धुरात असता तुम्ही. नाकाला भास होतात."

यापुढे जे झालं ते मी तीन वेगवेगळ्या लोकांकडून तीन वेगवेगळ्या तऱ्हेने ऐकलंय. सगळ्यांत जुळणारा भाग एवढाच. मावशींनी विहिरीतून काढलेली बादली रात्रभर तशीच ठेवली. सकाळी वरचा तवंग पळीने अलगद काढून एका थाळीत जमवला. ती थाळी घेऊन त्या सेक्रेटरींच्या दारात गेल्या, ती उंबऱ्याबाहेर ठेवली, दोन पावलं मागे सरल्या आणि काडी ओढून टाकली.

"हा भास बघा कसा पेटतो," त्या म्हणाल्या.

सेक्रेटरींच्या दाराची कड तेव्हा काळी झाली. ती त्यांनी नंतर कधी रंगवली नाही. आलेल्या माणसाला ते स्वतःच ती दाखवत आणि म्हणत, "ही मावशींची सही."

त्यानंतर तक्रारी झाल्या, तपासणी झाली, पंप बंद झाला, आणि काम आमच्याकडे आलं. आम्ही टाक्या उकरून काढल्या. चाळीच्या अंगणात आणि पंपाच्या आवारात मिळून सात बोअर मारल्या. पाण्यावर तरंगणारं पेट्रोल ओढून घ्यायचं, खालचं पाणी उपसून कोळशाच्या पिंपांतून गाळायचं, आणि दर पंधरा दिवसांनी प्रत्येक बोअरचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवायचं, असा क्रम सुरू झाला. विहिरीला जाळी बसली, कुलूप लागलं. बायकांना धुण्याभांड्यांसाठीही टँकरच्या मागे धावावं लागे.

"किती दिवस?" मावशींनी विचारलं.

"दोन वर्षं तरी लागतील."

"दोन वर्सं? दोन वर्सांत पोर चालायला लागतं ओ. तुमचं पाणी काय करतं जमिनीत इतके दिवस?"

मी सांगितलं, की आत गेलेलं पेट्रोल मातीच्या कणाकणाला आणि खडकाच्या भेगांना चिकटून बसतं. कढईतलं तेल पुसलं तरी कढई तेलकट राहते, तसं. कढईचा दाखला दिल्यामुळे त्यांना पटलं. तेव्हापासून त्या मला 'पाणीवाले' म्हणू लागल्या. मी नमुने घ्यायला गेलो की कामाच्या वेळा सांभाळून त्या हजर. मी बोअरमध्ये नळकांडं सोडायचो, ते वर काढायचो आणि बाटली भरायच्या आधी त्यांच्यापुढे धरायचो. हे आमच्या नियमात बसणारं नव्हतं. पेट्रोलची वाफ हुंगणं चांगलं नाही, असंही मी त्यांना सांगितलं. "पस्तीस वर्सं मिरचीचा धूर खाल्लाय," एवढंच उत्तर मिळालं.

एकदा मी त्यांची परीक्षा घ्यायची ठरवली. खोड्या काढायचं ते माझं वय नव्हतं, पण लोक माझ्या अहवालापेक्षा त्यांच्या नाकावर जास्त विश्वास ठेवतात याचा थोडा रागही होता. सातही बोअरच्या बाटल्या नावं न लावता ओट्यावर मांडल्या आणि म्हणालो, "लावा क्रम. जास्तीपासून कमीपर्यंत."

मावशींनी डोळे मिटून एकेक बाटली ओझरती हुंगली. नाक खुपसलं नाही, बाटलीवरून हात हलवून वारा नाकाकडे घेतला. मधे एकदा थांबून स्वतःच्या पदराचा वास घेतला. नाक धुऊन घेते, म्हणाल्या. क्रम लावून झाल्यावर एक बाटली त्यांनी वेगळी काढून ठेवली.

"ही यांच्यातली नाय."

"म्हणजे?"

"ह्या सगळ्यांत पेट्रोल. हिच्यात डिझेल. ट्रकच्या मागं उभं राहिल्यासारखं."

मी हसलो. पंपाच्या कागदांवर त्या बाजूला डिझेलची टाकीच नव्हती. पण आठवड्याने प्रयोगशाळेचा अहवाल आला. क्रम एक जागा सोडून बरोबर होता, आणि त्या बाटलीत डिझेल होतं. आम्ही पुन्हा खणलं. पंपाच्या मागच्या भिंतीलगत, कुणाच्याही कागदावर नसलेली एक जुनी टाकी निघाली. कधीतरी कुणीतरी वापरायची बंद केली होती आणि तळाशी उरलेल्या डिझेलसकट तशीच पुरून टाकली होती. ती सापडली नसती तर आम्ही जन्मभर पाणी उपसत बसलो असतो.

मी हे मावशींना सांगायला लालबागला गेलो. त्या कढईशी होत्या. त्यांनी ऐकलं, उलथणं थांबवलं नाही, आणि म्हणाल्या, "मग पगार मला द्या अर्धा." शेजारच्या बायका हसल्या. मावशींना फार आनंद झाला होता, हे मला उलथण्याच्या वेगावरून कळलं.

एक गोष्ट मात्र मी त्यांना नेहमी सांगत आलो. नाकाला वास येत नाही म्हणजे पाणी चांगलं, असं नसतं. वास जाण्याइतकं पेट्रोल कमी झालं तरी अपाय करण्याइतकं उरू शकतं. म्हणून बाटली प्रयोगशाळेत जायलाच हवी. यावर त्या मान डोलवायच्या. "पण वास असला तर वाईट, हे तरी खरं ना?" ते खरंच होतं.

मग टाळेबंदी आली. आमची यंत्रं काही महिने बंद पडली. चाळीत बऱ्याच जणांना कोरोना झाला, मावशींनाही झाला. चौदा दिवस त्या कुठल्याशा विलगीकरण केंद्रात राहून आल्या. पुन्हा काम सुरू झालं तेव्हा त्या थोड्या वाळल्या होत्या, बाकी ठीक दिसत होत्या. फक्त नमुने घेताना पूर्वीसारख्या येईनाशा झाल्या. आल्या तरी नळकांडं पुढे धरल्यावर म्हणायच्या, "तुमीच घ्या वास. तुमाला कसा वाटतो?"

लालबागलाही मी तेच पाहिलं. पूर्वी कढईत डोकावणाऱ्या बाईला त्या हाताने मागे सारायच्या. आता मिरच्या उतरवायच्या आधी तिलाच जवळ बोलवायच्या. "ये, बघ गो, तुला कसा वाटतो?" मला वाटलं, आजारपणाने माणूस मऊ झाला. बायकांना तर ते आवडलंच.

अशी जवळजवळ दोन वर्षं गेली.

एका चैत्रात सातही बोअरचे आणि विहिरीचे अहवाल चांगले आले. सलग तिसऱ्यांदा. मी ते सांगायला दुपारी मावशींच्या खोलीवर गेलो. दार लोटलेलं होतं. ढकललं आणि गॅसचा भपकारा आला. डोळे चुरचुरतील इतका. मावशी खोलीच्या मधोमध बसून मिरच्यांची देठं खुडत होत्या.

"या, पाणीवाले. चाय टाकलीय."

चहा उतू जाऊन बर्नर विझला होता आणि गॅस चालूच होता. मी आधी तो बंद केला, खिडकी उघडली, दार सताड उघडलं, त्यांना हाताला धरून बाहेर अंगणात आणलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळं समजल्या.

आम्ही विहिरीच्या कठड्यावर बसलो.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"त्या आजारापासून. डॉक्टर म्हणाला येईल परत. येतच नाय."

"मग मसाला?"

"रंग बघते. आवाज ऐकते. धणे तडतडतात ना, त्याला एक लय असते. आणि मग त्या बाईलाच हुंगायला लावते." त्या थोडं हसल्या. "आजपर्यंत निभावलं. पण कळलं तर कढईशी कोण उभं करील मला? तुमी बोलू नका कुणाला."

मी शब्द दिला.

मग विषय बदलायचा म्हणून मी अहवालांचं सांगितलं. त्यांनी विचारलं, म्हणजे संपलं का? मी त्यांच्याशी खरं बोलायचो, तसंच तेव्हाही बोललो. म्हणालो, उन्हाळ्यात जमिनीतलं पाणी खाली गेलेलं असतं. वरच्या कोरड्या मातीत पेट्रोल चिकटून राहिलं असेल तर आत्ता ते पाण्यात दिसणार नाही. पावसात पाणी वर चढेल, त्या मातीला लागेल, तेव्हा खरं काय ते कळेल. एक पावसाळा बघायला हवा.

"मग बघा की."

"माझ्या हातात नाही ते," मी म्हणालो.

ते खरंच माझ्या हातात नव्हतं, निदान मी तसं धरून चाललो होतो. पंपाच्या मालकाला जागा मोकळी करून हवी होती. आमचे सर, म्हणजे कंपनीचे प्रमुख, त्यांनाही काम पावसाआधी आटोपायचं होतं. पावसाळ्याबद्दलचा परिच्छेद मी अहवालात पहिल्या पानावर लिहिला होता. सरांनी त्याची एक ओळ केली आणि ती शेवटच्या पानावर नेली. काम बंद करायला रहिवाशांची लेखी संमती तेवढी बाकी होती. त्यासाठी मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी चाळीच्या अंगणात सभा ठेवली.

साठ-सत्तर माणसं होती. पंपाचा मालक पुढच्या खुर्चीत. सरांनी अहवाल वाचून दाखवला. टाळ्या पडल्या नाहीत, पण कुजबुज चांगली होती. पाच वर्षं टँकरमागे धावून बायका थकल्या होत्या. कुलूप निघणार म्हणून काही जणींनी बादल्याही आणून ठेवल्या होत्या.

सेक्रेटरी उभे राहिले. "अहवालाबद्दल शंका नाही. पण मावशींनी एकदा वास घेतला, की आमच्या जिवाला बरं वाटेल. मग मी सही करतो."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मावशी जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. कुणीतरी विहिरीचं पाणी तांब्यात भरून त्यांच्या हातात दिलं.

मी तिथेच होतो, यंत्राच्या शेडजवळ उभा. मला सगळं ठाऊक होतं. मी काही बोललो नाही. मनाशी म्हटलं, अहवाल खोटा नाही, आणि दिलेला शब्दही मोडत नाही. माणूस गप्प बसायला किती कारणं शोधतो, ते मला त्या दिवशी नीट कळलं.

मावशींनी तांब्या नाकाशी नेला. सवयीने डोळे मिटले.

"वास येत नाय," त्या म्हणाल्या.

आता टाळ्या पडल्या. सेक्रेटरींनी पेनाचं टोपण काढलं. पंपाच्या मालकाने हात जोडले. एका पोरीने शिट्टी मारली.

"थांबा रे! बोलू द्या माका." चिडल्या किंवा घाबरल्या की मावशी मालवणीत शिरायच्या. "माका कसलोच वास येणा नाय. विहिरीचो नाय, चायचो नाय, करपलेल्या मिरचीचो पण नाय. कोरोना झालो तेव्हापासून. दोन वर्सां मी तुमका फसवतंय."

मे महिना होता, हे लक्षात घ्या. मसाल्याचा ऐन हंगाम. समोर बसलेल्या निम्म्या बायकांचा मसाला त्या भाजत होत्या.

"आणि माझा मसाला?" दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी हळूच विचारलं. "परवाच नेला मी."

"तो तुज्या सासूनं हुंगलाय. चांगला हाय."

मावशींनी तांब्या पायरीवर ठेवला आणि माझ्याकडे बोट केलं.

"मला नका विचारू. त्या पाणीवाल्यांना विचारा. पावसात काय होतं ते त्यांनी मला सांगितलंय. आता तुमाला सांगू देत."

सत्तर तोंडं माझ्याकडे वळली. सर मोबाइलमध्ये पाहत होते. मी पुढे गेलो आणि त्या दिवशी कठड्यावर बसून जे बोललो होतो ते सगळं पुन्हा बोललो. कढई, कोरडी माती, वर चढणारं पाणी. माझा आवाज नेहमीपेक्षा बारीक येत होता.

सेक्रेटरींनी पेनाला टोपण लावलं. "दिवाळीपर्यंत थांबू," ते म्हणाले. बायकांनी रिकाम्या बादल्या उचलल्या आणि एकेक करून सगळे घरी गेले. त्यातल्या कितीतरी जणी मावशींशी न बोलता गेल्या.

श्रावणात तळमजल्यावरच्या बायकांनी फोन केला. विहिरीच्या जाळीतून वास येत होता. मी गेलो तर सगळ्यांना येईल असा होता, त्याला मसालेवालीचं नाक लागत नव्हतं. बाटलीतले आकडे पुन्हा चढले होते. सर मला काही बोलले नाहीत. यंत्रं परत सुरू झाली. पंपाच्या फरशीखालची माती आम्ही खोलवर खणून काढली, जिथे खणता येत नव्हतं तिथे हवा ओढणारे पंप बसवले. त्यात पुढची दीड-दोन वर्षं गेली.

मावशींची कढई मात्र त्याच मे महिन्यात गेली. दुकानदार वाईट माणूस नव्हता. त्याने त्यांना काढलं नाही. "मावशी, आता बसून काम करा," म्हणाला. दुकानाबाहेर गोणपाटावर बसून त्या मिरच्यांची देठं खुडू लागल्या. त्यांच्या जागी दुसरी बाई उभी राहिली. तिच्याकडून मसाला करपला तर मावशींना तो कळायचाही नाही.

मी एकदा त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. विचारलं, "तुम्ही नुसतं 'वास येत नाही' एवढ्यावर थांबला असतात तर? खोटं तर नव्हतं ते."

"मसाला करपला तर टाकून देता येतो," त्या म्हणाल्या. "विहीर कुठं टाकू?"

थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "तुमी का गप्प बसला होता?"

"तुम्हाला शब्द दिला होता."

"तो नाकाचा. पावसाचा कुठं दिला होता?"

त्या देठं खुडत राहिल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते मला जास्त लागलं. मी त्यांच्या सुपातल्या मूठभर मिरच्या घेतल्या आणि खुडू लागलो. दिवसभर माझी बोटं जळजळत होती.

पुढे त्यांचे गुडघे दुखायला लागले, आणि भाचा येऊन त्यांना गावी घेऊन गेला. जाताना त्या विहिरीकडे गेल्या नाहीत, कुणाच्या गळ्यात पडल्या नाहीत. खोलीची किल्ली सेक्रेटरींना दिली आणि टॅक्सीत बसल्या.

फोनवर आम्ही दोन-तीनदा बोललो. एकदा त्या फार खुशीत होत्या.

"पाणीवाले, काल माका वास इलो!"

"काय सांगता? कसला?"

"शेणाचो! गोठ्यात गेल्लंय, आणि एकदम इलो." त्या हसत सुटल्या. "पस्तीस वर्सां मसाल्यात काढलंय, आणि देवान परत काय दिल्यान, तर शेण."

मी त्यांना सांगितलं, की या पावसाळ्यात विहीर स्वच्छ राहिली. पाणी वर चढलं तरी आकडे चढले नाहीत. "बरा झाला," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "आणखी एक पावस बघा. घाई नको."

दुसरा पावसाळाही चांगला गेला. ते सांगायला मी फोन केला तेव्हा भाच्याने उचलला. मावशी गणपतीनंतर आठ दिवसांत गेल्या होत्या. ताप आला, दोन दिवस अंथरुणात होत्या, बस. मुंबईला कुणाला कळवायचं ते त्याला सुचलं नव्हतं. मी चाळीत फोन करून सेक्रेटरींना सांगितलं. ते म्हणाले, "विहिरीचं कुलूप उद्या काढतोय. एक दिवस पुढे ढकलू."

काम संपलं की बोअर बुजवाव्या लागतात. सिमेंटचं पाणी ओतून तोंडापर्यंत भरायच्या आणि वर फरशी सारखी करायची. डिसेंबरात मी त्यासाठी शेवटचा गेलो. सातवी बोअर मावशींच्या खोलीच्या दारासमोर होती. त्या खोलीत आता एक नवं जोडपं राहत होतं. नवरा कामावर गेलेला. ती मुलगी दारात पाटावर बसून तान्ह्या बाळाचे कपडे धूत होती. शेजारी विहिरीच्या पाण्याने भरलेली बादली.

"काय करताय, काका?" तिने विचारलं.

"भोक बुजवतोय. पाणी तपासायचो आम्ही इथे."

"का? पाण्याला काय झालं होतं?"

आठ वर्षांची गोष्ट होती.

"आता काही नाही," मी म्हणालो.

"मग ठीक," ती म्हणाली. सिमेंट ओलं होतं, म्हणून तिने बादली थोडी अलीकडे ओढून घेतली, आणि एक इवलंसं झबलं पाण्यात बुडवून खळखळून काढलं.